टनाआधीचा हिशेब

एसी घ्यायला गेले की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: खोली किती फुटांची? दहा बाय बारा म्हटले की एक टन, बारा बाय पंधरा म्हटले की दीड टन, आणि गिऱ्हाईक जरा घुटमळलेच तर ‘दीडच घ्या, मशीनवर लोड येणार नाही’ असा सल्ला. हा ठोकताळा अगदीच हवेतला नाही. पण मुंबईतल्या मधल्या मजल्यावरच्या खोलीला आणि अकोल्यातल्या गच्चीखालच्या खोलीला तो एकच उत्तर देतो. एसी निवडताना क्षेत्रफळ ही सगळ्यांत सहज मिळणारी आणि सगळ्यांत कमी सांगणारी माहिती आहे. त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: खोलीत उष्णता कुठून आणि किती येते, आणि बाहेरच्या हवेत पाणी किती आहे. यांची उत्तरे हाती आली की यंत्राचा प्रकार, टन, तारे हे सगळे त्यांच्या मागोमाग ठरते. कधीकधी एसी नकोच, असेही ठरते.

टन हे माप बर्फाच्या धंद्यातून आले. 2,000 पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता त्याच वेगाने बाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. आजच्या मापात हे साडेतीन किलोवॅट होतात. ही वीज नव्हे, खोलीतून उपसलेली उष्णता. ती उपसायला यंत्र पूर्ण ताकदीने चालताना साधारण एक किलोवॅट वीज खाते. एसी थंडी तयार करत नाही, विहिरीवरच्या पंपासारखा तो उपसा करतो. आणि पंप किती ताकदीचा हवा हे विहिरीच्या घेराने नाही, तिच्या झऱ्यांनी ठरते.

मग हे झरे कोणते? मधल्या मजल्यावरची, उत्तरेला खिडकी असलेली 120 चौरस फुटांची खोली घेऊ. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो, झोपलेला त्याहून थोडी कमी. दोन माणसे, एक पंखा, चार्जरला लावलेले फोन, भिंतींतून झिरपणारी उष्णता, दाराच्या फटीतून येणारी दमट हवा हे सगळे मिळून अडीच किलोवॅटच्या आसपास जाते, म्हणजे पाऊण टनाच्या आत-बाहेर. आता हीच खोली उचलून वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाजूला ठेवा. चार बाय पाच फुटांच्या साध्या काचेच्या खिडकीवर उन्हाळ्यात दुपारी चार-साडेचारचे ऊन थेट पडले, तर त्या एका खिडकीतून नऊशे ते हजार वॅट आत येतात. पाव टन तिथेच गेला. वर तापलेला स्लॅब. सहा इंची उघड्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग मे महिन्यात साठ अंशांपर्यंत तापतो आणि 120 चौरस फुटांच्या छतातून आणखी किलोवॅटभर उष्णता खाली येते. तीही दुपारी नव्हे, काँक्रीटमधून उतरायला लागणारे तीन-चार तास घेऊन संध्याकाळी, नेमकी माणसे घरी परतल्यावर. खोलीचे फूट तेच, पण गरज पाऊण टनावरून सव्वा टनाच्या पुढे गेली. दुकानदाराने दोन्ही खोल्यांना एकच टन सांगितला असता, आणि दोन्ही घरांत तो चुकला असता.

यातून निघणारा निष्कर्ष विक्रेत्यांच्या सोयीचा नाही. पाव टन आणणारी खिडकी बाहेरून झाकणे हे पाव टन जास्तीचा एसी घेण्यापेक्षा स्वस्त पडते. ‘बाहेरून’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आतला जाड पडदा ऊन अडवतो खरा, पण ते काचेतून आत आल्यावर. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बांबूची चटई, छज्जा, खिडकीबाहेरची जाळी यांचे काम त्याआधीच झालेले असते. गच्चीचेही तसेच. आपल्याकडे गच्चीवर गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात, त्याची उष्णतेला थोडी आडकाठी होते. त्यावर पांढरा परावर्तक रंग किंवा नुसता चुन्याचा हात दिला तर स्लॅबच्या तापण्यात मोठा फरक पडतो. यावर रास्त आक्षेप असा की फ्लॅटवाल्याची गच्ची सोसायटीची आणि भाडेकरूची खिडकी मालकाची, यांनी काय करायचे? भाडेकरूला चटई टांगण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही, हे मान्य. पण वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटधारकांनी एकेकट्याने मोठे एसी बसवण्याआधी सोसायटीच्या सभेत गच्ची पांढरी करण्याचा ठराव मांडून पाहावा. गळतीवर तासभर भांडणाऱ्या सभेला हा विषय काही अवघड नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तोच पहिला असायला हवा. विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरने 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती माणसांना गारवा देण्यासाठी नव्हती. दमट हवेत कागद फुगत होता, रंगांचे एकावर एक होणारे ठसे जुळत नव्हते, आणि मालकाला हवेतले पाणी ताब्यात हवे होते. कॅरियरने हवा थंड नळ्यांवरून नेली, पाणी नळ्यांवर साचले, हवा कोरडी झाली. आज आपल्या भिंतीवरचा एसी हीच दोन कामे एकत्र करतो: उष्णता काढतो आणि पाणी काढतो. कोणते काम जास्त पडणार हे गावावर अवलंबून.

मे महिन्यातली एक नेहमीची दुपार घ्या. नागपुरात 43 अंश तापमान आणि 20 टक्के सापेक्ष आर्द्रता, मुंबईत 33 अंश आणि 65 टक्के. थर्मामीटरने पाहिले तर नागपूरचा माणूस दहा अंशांनी अधिक त्रासात आहे. पण एक किलो हवेत पाणी किती हे पाहिले तर नागपुरात ते सुमारे 11 ग्रॅम आणि मुंबईत जवळजवळ 21 ग्रॅम, बरोबर दुपटीच्या घरात. आणि 26 अंशांच्या सुखद खोलीत ते साधारण 11-12 ग्रॅमच असते. म्हणजे नागपूरच्या हवेतून काढण्यासारखे पाणीच नाही, ती फक्त गरम आहे. मुंबईच्या हवेतून दर किलोमागे नऊ-दहा ग्रॅम पाणी आधी पिळून काढायचे आहे. एक लिटर पाणी हवेतून काढायला जी उष्णता उपसावी लागते, ती सुमारे दोन-तृतीयांश युनिटइतकी. बंद खोलीत तासाला अर्धा ते एक लिटर पाणी नळीतून ठिबकत असेल तर एक टनी यंत्राचा दहावा ते पाचवा हिस्सा त्यावरच खर्च होतो, आणि त्यातला एकही अंश थर्मामीटरवर दिसत नाही.

आता या दोन्ही गावांत कूलर लावून पाहू. ओल्या पॅडमधून हवा ओढली की पाण्याचे बाष्प होते, बाष्प होताना उष्णता शोषली जाते आणि हवा गार होते. किती गार, याला एक मर्यादा असते: थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली कूलर जाऊ शकत नाही. वरच्या दुपारी ही मर्यादा नागपुरात 25 अंशांच्या जवळ आणि मुंबईत साडेसत्तावीसच्या आसपास येते. बरा कूलर त्या मर्यादेपर्यंतचे तीन-चतुर्थांश अंतर कापतो. गणित केले तर दोन्हीकडे कूलरमधून येणारी हवा साधारण 29 अंशांची निघते. मात्र नागपूरकराला 14 अंशांचा उतार मिळाला आणि त्या हवेत 70 टक्क्यांच्या आसपास ओलावा आहे. घाम सुकतो, अंगाला बरे वाटते. मुंबईकराला चार अंश मिळाले आणि ओलावा 90 टक्क्यांवर गेला. एकाच आकड्याच्या हवेत एक जण झोपेल आणि दुसरा कपडे बदलेल. मुंबई, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात कूलर घेणे म्हणजे पैसे देऊन दमटपणा विकत घेणे. विदर्भात आणि मराठवाड्याच्या कोरड्या भागात मात्र कूलरकडे ‘एसी परवडत नाही म्हणून’ घ्यायची वस्तू म्हणून पाहणे चूक आहे. दोनशे वॅटच्या आसपास वीज घेणारा पंखा आणि पंप, आणि बाष्प होणारे दर तासाला दहा लिटर पाणी. तेवढे पाणी जवळपास दोन टनी एसीइतकी उष्णता शोषते. त्यातला बराच भाग उघड्या खिडकीतून बाहेर जातो हे खरे, पण ती खिडकी उघडी असल्यामुळेच खोलीत ताजी हवा खेळते. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवत राहतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

कूलरविरुद्धचे आक्षेप मात्र खरे आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला पाण्याचा. ज्या शहरात उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे रोज शंभर लिटर पाणी हवेत सोडणे सोपे नाही. दुसरा पावसाचा. जूनच्या मध्यावर मोसमी वारे आले की विदर्भाची हवा मुंबईच्या वळणावर जाते आणि तोच कूलर निरुपयोगी होतो. जुलै-ऑगस्टमधल्या उघडिपीच्या चिकट रात्री कूलरच्या भरवशावर काढणे कठीण. तरीही विदर्भातल्या घराला प्रत्येक खोलीत एसीची गरज सहसा नसते. बैठकीला कूलर, आणि झोपायच्या एका खोलीला चांगला एसी, ही जोडी पैशाच्या आणि विजेच्या दोन्ही हिशेबांत चांगली बसते. ज्या घरात दम्याचा रुग्ण, वृद्ध किंवा तान्हे मूल आहे, तिथे ती एक खोली आधी आणि बाकीचा विचार नंतर.

कोकणपट्टीकडे वळलो की मोठ्या टनाचा मोह नेमका उलटा पडतो. जुन्या पद्धतीच्या, एकाच वेगाने चालणाऱ्या कंप्रेसरचा दीड टनी एसी पाऊण टनाच्या खोलीत लावला, तर तो दहा मिनिटांत ठरवलेले तापमान गाठतो आणि बंद पडतो. नळ्यांवर पाणी नुकते साचू लागलेले असते, ते निथळून बाहेर जाण्याआधीच कंप्रेसर थांबतो. आतला पंखा मात्र फिरत राहतो आणि नळ्यांवरचे पाणी पुन्हा खोलीत उडवतो. खोली 24 अंशांवर, पण ओलावा तसाच. अंग चिकट लागते, म्हणून रिमोटवर 20 येते, बिल चढते, आणि काही आठवड्यांनी कपाटामागच्या थंड भिंतीवर बुरशी दिसू लागते. घरातले लोक तेव्हा म्हणतात, एसी लहान पडला. खरे तर तो मोठा पडलेला असतो.

इथे हटकून येणारा प्रतिवाद इन्व्हर्टरचा. आता कंप्रेसरचा वेग कमी-जास्त होतो, खोली गार झाली की तो हळू चालतो, मग मोठा घेतला तर बिघडले कुठे? बरेचसे बरोबर आहे. इन्व्हर्टर एसी आकाराची चूक पुष्कळ पोटात घालतो. पण दोन गोष्टी उरतात. वेग कमी करण्याला खालची हद्द असते. कमाल क्षमतेच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याखाली बहुतेक यंत्रे जाऊ शकत नाहीत, आणि मग तीही बंद-चालू होऊ लागतात. दुसरे, कंप्रेसर अगदी हळू चालला की नळ्या तितक्या थंड राहत नाहीत आणि पाणी कमी निघते. ड्राय मोडमध्ये पंखा मंदावून यावर थोडी मात करता येते. दमट हवेत सगळ्यांत उत्तम चालतो तो एसी जो मध्यम वेगाने, न थांबता, बराच वेळ चालत राहतो. तसा तो चालावा म्हणून आकार गरजेला जुळणारा हवा. बाजारात एक आणि दीड टनाच्या किमतींत फारसे अंतर नसते आणि सवलती बहुधा दीड टनावरच लागतात, ही अडचण मात्र खरी.

मोठे यंत्र घ्यायला एक सबळ कारण आहे, पण ते नेमके कोरड्या आणि तापलेल्या भागात लागू पडते. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश तापमान धरून. बाहेर 45 अंश झाले की यंत्राला उष्णता टाकायला जागाच गरम मिळते. उपसा दहा-पंधरा टक्क्यांनी सहज घटतो आणि वीज वाढते. खोक्यावर ‘52 अंशांपर्यंत चालतो’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ तो बंद पडत नाही इतकाच. तेव्हा पूर्ण क्षमतेने चालेल असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. म्हणून चंद्रपूर, अकोला, जळगावच्या वरच्या मजल्यासाठी हिशेबापेक्षा थोडा मोठा एसी घेणे शहाणपणाचे, कारण तिथे पाणी काढण्याची चिंता नाही. मुंबईत पारा 35 च्या फार पुढे क्वचितच जातो, त्यामुळे तीच खबरदारी तिथे फुकट जाते.

ताऱ्यांचेही असेच. ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2006 मध्ये ताऱ्यांची योजना आणली आणि 2018 पासून खोलीच्या एसीला आयएसईईआर हा वर्षभराच्या सरासरीचा निकष सक्तीचा केला. लेबलवर वर्षाला जे युनिट छापलेले असतात ते 1,600 तास वापर धरून काढलेले असतात. रोज आठ तासांप्रमाणे हे 200 दिवस झाले. मुंबई-ठाण्यात मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात रोज रात्री एसी लावणारे घर या आकड्याच्या जवळ जाते. पुण्यातले घर, जिथे एप्रिल-मेच्या रात्रीही उघड्या खिडकीतून गार हवा येऊ शकते, तिथे चारशे तासही होत नसतील. दीड टनी यंत्रात तीन आणि पाच ताऱ्यांमधला फरक वर्षाला दोनशे-सव्वादोनशे युनिटांच्या घरात येतो. एसीची वीज बिलाच्या वरच्या टप्प्यात मोडते म्हणून युनिटला 12 रुपये धरू. मुंबईकराची वर्षाची बचत अडीच हजारांच्या आसपास, पुणेकराची सहा-सातशे रुपये. पाच ताऱ्यांसाठी नऊ हजार जास्त मोजले तर मुंबईत ते साडेतीन-चार वर्षांत वसूल होतात. पुण्यात चौदा वर्षे लागतील, आणि तोवर यंत्रच म्हातारे झालेले असेल. पर्यावरणाचा विचार करून पाच तारे घेणाऱ्याला यातून नाउमेद करायचे नाही. पण मग त्याने लेबलवर गॅसही पाहावा. जुन्या आर-410ए या गॅसची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 2,088 पट, आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-32 ची 675 पट, आणि आर-290 म्हणजे प्रोपेनची जवळपास 3 पट. प्रोपेन पेट घेतो, म्हणून यंत्रात तो मोजकाच भरतात आणि दुरुस्तीला जाणता माणूस लागतो. एसीचे तापमान 24 अंशांवरून 26 वर नेले आणि सोबत छताचा पंखा चालवला तर दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगते. त्याला एकही जादा तारा लागत नाही.

बंगल्यांसाठी अलीकडे एकाच बाहेरच्या युनिटवर चार-पाच खोल्या चालवणारी यंत्रणा खपवली जाते. दर्शनी भिंत स्वच्छ राहते, पण ते एक युनिट बंद पडले की सगळे घर उकडते. बहुतेक घरांना सुटे एसीच बरे. उरतो विंडो की स्प्लिट हा जुना वाद, आणि तो आवाजावरून किंवा दिसण्यावरून नव्हे, बाहेरचे युनिट कुठे बसणार यावरून सोडवावा. शहरांतल्या इमारतींत ते बरेचदा दोन विंगांमधल्या अरुंद डक्टमध्ये टांगतात. एकाखाली एक दहा-पंधरा युनिटे तिथे गरम हवा सोडतात, ती वर चढते, आणि वरच्या मजल्यांवरची युनिटे खालच्यांनी टाकलेलीच उष्णता पुन्हा ओढतात. बाहेर 33 अंश असले तरी त्या डक्टमधले यंत्र चाळिशीत काम करते आणि पाच ताऱ्यांचे बळ तिथेच वाया जाते. त्यात समुद्राची खारी हवा किंवा जवळच्या नाल्याचा वायू कॉइल कुरतडतो. गॅस गेला की दुरुस्तीवाल्याला बारा-पंधरा मजल्यांवर दोरावर लोंबकळावे लागते, आणि असा माणूस वेळेवर मिळत नाही, मिळाला तरी त्याला तिथे पाठवताना जीव धास्तावतो. युनिटला उघडी हवा, सावली आणि पाय रोवून उभे राहता येईल इतकी जागा मिळत असेल तर स्प्लिट घ्यावा आणि बसवताना नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढून घ्यायचा आग्रह धरावा, गॅसच्या फवाऱ्याने नव्हे. तशी जागा नसेल तर विंडो एसी, तारे थोडे कमी आणि आवाज जास्त असला तरी, अधिक शहाणा पर्याय ठरतो: त्याची पाठ उघड्या हवेत असते आणि दोन माणसांनी उचलून तो धुण्यासाठी बाथरूममध्ये नेता येतो.